शेड बारा बाय सोळाचं, सॉफ्टवेअर कोणतं?

पत्र थोडक्यात असं: जुळे सोलापूरचे एक वाचक, वय ४३, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. घरावर वीस बाय तीसची गच्ची. बायको शाळेचे युनिफॉर्म शिवून देते, त्यामुळे हॉलमध्ये तीन मशीन, कटिंगचं कापड पलंगावर, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून गच्चीवर १२ × १६ फुटाचं पत्र्याचं शेड करायचं ठरवलंय, गवंडी आणि फॅब्रिकेटर स्वतः लावून आणि जमेल तेवढं काम सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं. मागं घर बांधताना एका इंजिनिअरनं पैसे घेऊन दुसऱ्याच कुणाचा तरी प्लॅन नाव बदलून दिला होता, 'म्हणून आता ड्रॉइंग मीच काढणार.' भाचा म्हणतो ऑटोकॅडचं क्रॅक टाकून देतो, ऑफिसातला मित्र म्हणतो स्केचअप घे, फॅब्रिकेटर म्हणतो 'नकाशा कशाला, जागेवर बघू की ओ.' लॅपटॉप मुलीचा जुना, ४ जीबी रॅमचा. सगळं मिळून बजेट दोन लाख वीस हजार. प्रश्न: स्वस्तातलं, सोपं आणि 'प्रॉपर' ड्रॉइंग काढता येईल असं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सॉफ्टवेअरसाठी, दुसऱ्यांदा त्यात वहिनी कुठं कुठं दिसतात ते बघायला. शेड त्यांच्यासाठी, मशीन त्यांच्या, पण अख्ख्या पत्रात त्या एकदाच आल्यात, त्या पण हॉलमधल्या पसाऱ्यासोबत. बारा बाय सोळा हे माप नक्की कुणी काढलं, तुम्ही का त्यांनी? ह्याच्यावर येतो नंतर, आधी तुम्ही विचारलेलं सांगतो, नाहीतर म्हणाल नमनालाच घडाभर तेल.

लिब्रेकॅड घ्या. घ्या म्हणजे नुसतं डाउनलोड करा, पैसे नाहीत, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), वर्षाच्या भाड्याची भानगड नाही, नेट नसलं तरी चालतं आणि मुलीच्या जुन्या लॅपटॉपला दम लागणार नाही. फक्त टू-डी आहे पण तुमच्या कामाला टू-डीच लागतं: वरून एक प्लॅन, समोरून एक, आणि मधून कापून दाखवलेलं एक सेक्शन, झालं. फाईल डीएक्सएफमध्ये सेव्ह होते आणि डीएक्सएफ हे ऑटोकॅडवाल्यांनीच काढलेलं फॉरमॅट आहे, त्यामुळे उद्या कुठल्या इंजिनिअरला फाईल द्यायची वेळ आली तर त्याच्याकडं ती उघडते, 'फुकटातल्या सॉफ्टवेअरची फाईल चालत नाही' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आता भाच्याचं. पोरगं प्रेमानं म्हणतंय, त्याला रागवू नका, पण क्रॅक नको. चोरीचं आहे हे एक झालंच, दुसरं म्हणजे ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँक बघता, कधी ऑफिसचं जीएसटीचं काम घरी आणता, त्याच लॅपटॉपवर कुठल्या तरी अनोळखी साइटवरची फाईल अँटीव्हायरस बंद करून चालवायची, आणि कशासाठी, तर चार भिंती आणि एका उतरत्या छपरासाठी. बरं, तो विद्यार्थी असेल तर त्याला खरंखुरं ऑटोकॅड फुकट मिळू शकतं, पण ते त्याच्या शिकण्यासाठी, मामाच्या शेडसाठी नाही. आणि विकत घ्यायचं म्हणाल तर ऑटोकॅड २०१६ पासून नवीन माणसाला कायमचं विकत मिळतच नाही, भाड्यानंच घ्यावं लागतं. दोन लाख वीस हजारातल्या शेडला ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मित्राचं स्केचअप वाईट नाही. ब्राउझरमध्ये चालणारं फ्री व्हर्जन आहे, घरगुती कामाला चालतं, आणि छपराचा उतार, डोक्यावरची उंची, दार उघडल्यावर कुठं येतं हे वहिनींना स्क्रीनवर फिरवून दाखवायला एकदम झकास. पण मापं टाकलेला स्वच्छ कागद गवंड्याच्या हातात द्यायला मी ते वापरणार नाही. स्वीट होम थ्रीडी पण फुकट आहे, त्यात टेबल-कपाटं मांडून बघता येतात. फ्रीकॅड दमदार आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली, पण ते शिकत बसलात तर दिवाळीनंतरचं शेड गुढीपाडव्याला पण व्हायचं नाही. आणि 'फुकट आहे' ह्या शब्दाला सुद्धा एकदा उलटंपालटं करून बघत जा. ड्राफ्टसाइट नावाचं एक चांगलं सॉफ्टवेअर कितीतरी वर्षं फुकट होतं, २०१९ मध्ये ते पैशाचं झालं. ओपन सोर्सचं तसं होत नाही, आज उतरवून घेतलेलं तुमचंच राहतं.

सॉफ्टवेअरचा विषय इथं संपला खरं तर. पण तुम्ही 'प्रॉपर ड्रॉइंग' म्हणता ना, त्या शब्दापाशी मी अडकलो. प्रॉपर म्हणजे कुणासाठी? हे ड्रॉइंग वाचणार कोण? गवंडी वाचणार, हातात लाईनदोरी, कानावर पेन्सिल, त्याला फूट, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) कळतं, लेयर (ड्रॉइंगचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) कळत नाही. फॅब्रिकेटर वाचणार, त्याला फक्त पाइप किती लांबीचा कापायचा ते पाहिजे. वहिनी वाचणार. आणि पालिकेपर्यंत गेलंच तर तिथं तुमचं ड्रॉइंग नाही, लायसन्सवाल्या माणसाच्या सहीचं ड्रॉइंग लागतं. ह्यातल्या एकालाही ते ऑटोकॅडमध्ये काढलंय का कशात ह्याच्याशी देणंघेणं नाही. कागदावर मापं बरोबर आहेत का, एवढंच.

आणि मापं चुकतात ती सॉफ्टवेअरमुळं नाही. माझंच सांगतो. घरी ओटा करताना मी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं. ओट्याची लांबी दहा फूट दहा इंच, आणि आपण वहीत लिहितो तसं मी टाकलं १०.१०. आपल्याकडं सगळे असंच लिहितात, टिंबाच्या पुढचं म्हणजे इंच. कॉम्प्युटरला ते कुठलं कळायला, त्याच्या हिशेबानं १०.१० म्हणजे १०.१, म्हणजे दहा फूट एक इंच आणि वर थोडंसं. जवळजवळ नऊ इंचाचा फरक, अख्खी एक वीट! ग्रॅनाईट तेवढंच कापून आलं. त्या नऊ इंचाच्या बोळात आता आमचे पोळपाट आणि तवा उभे राहतात आणि पाहुणे आले की बायको आठवणीनं ती जागा दाखवते. तेव्हा एक नियम करा, सगळं इंचातच टाकायचं. लिब्रेकॅडमध्ये ड्रॉइंगच्या सेटिंगमध्ये एकक इंच करून घ्या, बारा फूट म्हणजे १४४, सोळा फूट म्हणजे १९२. आयत काढायचा, पहिला कोपरा शून्य-शून्य, समोरचा कोपरा १४४ आणि १९२, झाली बाहेरची भिंत. स्क्रीनवर नेहमी खऱ्या मापात काढायचं, लहान करायचं ते फक्त प्रिंटच्या वेळी.

मग त्या आयताच्या आत दुसरा आयत, भिंतीच्या जाडीचा. नवीन माणूस हे हमखास विसरतो, भिंत म्हणजे एक रेघ काढतो आणि मोकळा होतो. साडेचार इंची विटेची भिंत घेतली तर बाहेरून बारा फूट असलेली खोली आतून अकरा फूट तीन इंच, आतून प्लास्टर झाल्यावर अकरा फूट दोन. दहा इंच गेले की नाही? बाजूनं पत्राच लावणार असाल तर एवढं जात नाही, पण मग ते तसं काढा. दार कुठल्या बाजूला उघडतं त्याची पाव गोलाची रेघ पण काढा, दार मशीनच्या पाठीला आपटतं ते तिथंच दिसतं.

तुमच्या मापात एक मजा आहे, तुम्हाला माहीत नसेल. बारा आणि सोळा असलं की कर्ण बरोबर वीस फूट येतो, एक सूत इकडं नाही तिकडं नाही, आपल्या तीन-चार-पाचचंच मोठं रूप आहे. म्हणजे गच्चीवर आखणी झाल्यावर दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, दोन्हीकडं वीस भरले तर शेड गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. अख्ख्या गच्चीचं पण हे करा, ड्रॉइंग काढायच्या आधी. वीस बाय तीसचा कर्ण ३६ फूट ५ सूत यायला पाहिजे, आणि मी पैज लावतो तुमचा येणार नाही. जुन्या घरांच्या गच्च्या दोन-चार इंच तिरक्या असतातच, आणि तुम्ही काटकोनातलं सुंदर ड्रॉइंग काढून वर गेलात की एका कोपऱ्यात शेड पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) चिकटतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात मांजर जाईल एवढी फट राहते.

सेक्शन मात्र टाळू नका. फॅब्रिकेटर म्हणतो जागेवर बघू, पण पत्रा जागेवर बघून मागवला की एक तर वाया जातो नाहीतर कमी पडतो. बघा, बारा फुटाच्या रुंदीत दीड फूट उतार दिला तर उतरती लांबी बारा फूट एक इंच होते, म्हणजे बारा फुटी पत्रा भिंतीपर्यंत पण पोचत नाही, आणि दोन्ही बाजूला फूट-फूट पागोळी धरली तर चौदा फुटावर अजून सव्वा इंच लागतो. सेक्शन काढलं की ही तिरकी रेघ सॉफ्टवेअर स्वतःच मोजून सांगतं. तसंच सोळा फुटाच्या बाजूला. पत्र्याची झाकणारी रुंदी साधारण एक मीटर धरतात (दुकानात विचारून पक्कं करा, प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं असतं), पाच पत्र्यांत सोळा फूट पावणेपाच इंच झाकतं. म्हणजे दोन्ही टोकांना सव्वादोन-सव्वादोन इंचच बाहेर काढलं तर पाचात भागलं, अर्धा-अर्धा फूट काढायची हौस केली की सहावा पत्रा आला. एका सेक्शननं एक पत्रा वाचला, क्रॅक केलेलं ऑटोकॅड ह्याच्यापेक्षा जास्त काय वाचवणार होतं?

प्रिंट काढताना एक धोका. स्केल १:४८ ठेवा, म्हणजे पाव इंचाला एक फूट, तुमची अख्खी गच्ची पाच बाय साडेसात इंचात बसते, ए-फोर कागद पुरून उरतो. नुसत्या शेडचा मोठा प्लॅन पाहिजे तर १:२४, सहा बाय आठ इंच. पीडीएफ करून झेरॉक्सवाल्याकडं गेलात की तो सवयीनं 'फिट टू पेज' दाबतो आणि तुमचं स्केल बोंबललं. त्याला सांगायचं, शंभर टक्क्यांवर काढ. आणि खात्री म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सोळा फूट लांबीची एक पट्टी काढून ठेवा, १:४८ च्या प्रिंटवर ती पट्टीनं बरोबर चार इंच भरली पाहिजे, नाही भरली तर कागद परत. तरी गवंड्याला सांगा की कागदावर पट्टी लावून माप काढायचं नाही, लिहिलेलंच माप धरायचं. नावं आणि सूचना प्रिंटवर पेननं मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिन्याच्या दाराला अडकवा, सिमेंटच्या हातानं कागद दोन दिवस टिकत नाही.

आता वहिनी. दादा, हे सगळं करायच्या आधी एका रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघं वर जा. बरोबर टेप, दोरी आणि खडू किंवा थोडी फक्की. बारा बाय सोळा गच्चीवर खऱ्या मापात आखा. मग खालून तिन्ही स्टूल वर न्या आणि मशीनच्या जागी मशीनच्या टेबलाएवढे चौकोन आखा, मोठ्या मशीनचं टेबल साधारण चार फूट बाय पावणेदोन फूट असतं, तुमचं मोजून घ्या. कटिंगचं टेबल आखा. तयार मालाचे गठ्ठे कुठं, इस्त्री कुठं, ते आखा. आणि वहिनींना म्हणा, बसा. स्टूलवरून उठा, कापड घ्यायला जा, परत या. स्टूलच्या मागं अडीच-तीन फूट राहिलं नाही तर मागची बाई उठल्याशिवाय पुढची हलू शकत नाही. त्या दहा मिनिटांत कळेल की बारा बाय सोळा पुरतंय का, का चौदा बाय सोळा पाहिजे, का उगाच जास्त होतंय. उजेड कुठल्या हाताला पाहिजे हे पण त्याच सांगतील, सुई त्यांना ओवायची आहे. आणि आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेचा विषय निघेलच, पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर पत्र्याखाली दुपारी दोन वाजता बसायचं कुणी? समोरासमोर खिडक्या, पत्र्याखाली उष्णता अडवणारं काहीतरी, उंच बाजूला हवा जायला जाळी, हे ड्रॉइंगमध्ये आत्ता घातलं तर स्वस्तात होतं. दुपारचं काम खालीच होणार असेल तर शेड लहान केलेलं पण चालेल, बघा विचारून.

ह्यापुढचं जरा गंभीरपणे घ्या. कुठलंही ड्राफ्टिंग सॉफ्टवेअर रेघा काढतं, वजन तोलत नाही. गच्चीच्या मधोमध खांब उभा केलेला दाखवला तर ते मुकाट्यानं दाखवतं. खांब खालच्या कॉलमवर किंवा बीमवर यायला पाहिजे, स्लॅबच्या पोटावर नाही. म्हणून खालच्या मजल्याचे कॉलम-बीम आधी एका वेगळ्या लेयरवर काढा आणि शेड त्याच्यावर ठेवून बघा, तुमच्यासाठी लेयरचा खरा उपयोग हाच. शेडला तीन फूट विटेची भिंत घालायचा विचार असेल तर ऐका: साडेचार इंची भिंत तीन फूट उंचीला, एका मीटर लांबीमागं दोनशे किलोच्या वर जाते, आणि तुमच्या शेडचा घेर छपन्न फूट, म्हणजे दार सोडून सुद्धा तीन-साडेतीन टन. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाची असते, म्हणजे तीन-साडेतीन टाक्या. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून गच्चीवर आधीच दोन-दोन टाक्या असतात, त्या हलवून शेडच्या बाजूला सरकवायचा बेत असेल तर तो पण सांगून टाका. वळवाचं वारं पत्रा खाली दाबत नाही, वर उचलतं, तेव्हा खांबांची पकड आणि पत्र्याचे हुक हा पण विषय आहे.

म्हणजे काय, स्ट्रक्चरलचा माणूस, बांधकामाच्या वजनाचा-ताकदीचा हिशेब करणारा इंजिनिअर, लागतो. तुमचा आधीचा अनुभव वाईट आहे मान्य, नाव बदलून प्लॅन विकणारा माणूस कुणालाच नको. पण त्यानं तुम्हाला दिलं ते ड्रॉइंग होतं, डोकं नव्हतं. ह्यावेळी उलटं करा, ड्रॉइंग तुमचं, डोकं त्याचं. दुसऱ्या कुणाला तरी गाठा, जो वर येऊन स्लॅब बघेल, खालून बीम बघेल, आणि तुमच्या प्रिंटवर लाल पेननं खुणा करेल. एका भेटीची फी आधीच ठरवा आणि ती त्या दोन लाख वीस हजारात पहिल्या ओळीत धरा. तुम्ही नीट मापाचं ड्रॉइंग घेऊन बसलात की तो माणूस पण वेगळ्या पद्धतीनं बोलतो, हे मी बघितलंय. परवानगीचं त्यालाच विचारा. 'पत्र्याचं आहे, परवानगी कशाला' असं सगळे सांगतात, पण बंदिस्त शेड हे बांधकामच धरलं जाऊ शकतं, आणि मुंबई आणि काही भाग सोडले तर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात तिला, त्यात तुमचा प्लॉट कुठं बसतो हे लायसन्सवाल्यालाच नीट सांगता येईल. ऑनलाइन मंजुरीचं ड्रॉइंग तो त्याच्या पद्धतीनं परत काढेल, त्यात तुमची मेहनत वाया गेली असं वाटून घेऊ नका, मापं तुमचीच असतात.

वेळेचं म्हणाल तर लिब्रेकॅडला दोन रविवार धरा. पहिल्यात रेघ, आयत, समांतर रेघ, ट्रिम (जादा रेघ कापणं) आणि मापं टाकणं, एवढी पाचच हत्यारं शिका, बाकीच्या बटणांकडं बघू पण नका. सरावाला आधी आपला हॉलच काढा, तीन मशीन आणि पलंगासकट. दुसऱ्या रविवारी शेड. आणि दोन रविवार बसून पण जमलं नाही, तर आलेख कागद घ्या, मिलिमीटरचा, १:५० ला एक मीटर म्हणजे वीस मिलिमीटर, पेन्सिलनं काढा. स्ट्रक्चरलवाला त्याला नाक मुरडणार नाही, गवंडी तर उलट खूश होईल.

अजून एक राहिलं, आणि हे ड्रॉइंगमध्ये कुणीच काढत नाही. तो चौदा फुटांवरचा पत्रा गच्चीवर चढणार कुठून? जिन्याच्या वळणात तो नक्की अडकणार, म्हणजे बाहेरून दोरानं ओढून घ्यावा लागणार, आणि जुळे सोलापूरच्या गल्ल्यांत विजेच्या तारा कुठून कुठं गेल्यात ते तुम्हीच जाणता. रविवारी आखणीला वर जाल तेव्हा पॅरापेटवरून खाली पण एकदा बघून घ्या, आणि तार जवळ असेल तर त्या बाजूनं पत्रा अजिबात चढवू नका, शेजाऱ्यांना त्यांच्या बाजूनं वाट मागा.